‘चौरंगी’तील आत्मस्नेहाचा प्रश्न

१

आत्मप्रेम हा शब्द मराठी समीक्षेत बहुधा दोषदर्शक म्हणूनच योजिला जातो. कविता कवीच्या स्वतःभोवती फार घुटमळू लागली, की कवी आत्मरत ठरतो. कादंबरीचा नायक आपल्या सुखदुःखाचा हिशेब काटेकोरपणे मांडू लागला, की तो आत्मकेंद्रित ठरतो. त्याउलट आत्मत्याग, आत्मार्पण, आत्मविलोपन हे शब्द उच्चारताना टीकाकाराची वाणी नकळत मृदू होते. भोग आणि त्याग ह्या दोन काठांमधूनच मराठी कादंबरीचा नैतिक प्रवाह पुष्कळ काळ वाहत आला आहे. वि. स. खांडेकरांची ‘ययाति’ (१९५९) हे ह्या विचारसरणीचे सर्वांत ठळक उदाहरण होय. साहित्य अकादमीने १९६० साली आणि ज्ञानपीठाने १९७४ साली गौरविलेल्या ह्या कादंबरीत ययाती एका टोकाला व कच दुसऱ्या टोकाला उभा आहे, आणि वाचकाचे मन ह्या दोहोंमध्ये येरझारा घालीत राहते.

ह्या द्वंद्वात एक साधा प्रश्न मात्र विचारावयाचा राहून जातो. ज्या देहामनाच्या आधारे भोग भोगावयाचा आणि ज्या देहामनाचाच त्याग करावयाचा, त्या देहामनाची काळजी कोणी वाहावयाची? स्वतःला जपणे ही क्रिया भोगातही मोडत नाही आणि त्यागातही मोडत नाही. भोगी मनुष्य स्वतःला जपत नाही, उधळतो. त्यागी मनुष्य स्वतःला वाहून टाकतो. रोगशय्येवरील आप्ताची शुश्रूषा करताना जी सावध, निरलस, फारसे न बोलणारी माया माणूस दाखवितो, तीच माया स्वतःकडे वळविणे ह्याला नेमके काय म्हणावे, ह्याविषयी आपली परिभाषा संकोचलेली आहे. येथे त्यासाठी ‘आत्मस्नेह’ हा शब्द वापरला आहे.

परंपरा मात्र ह्या बाबतीत परिभाषेइतकी दरिद्री नाही. याज्ञवल्क्याने मैत्रेयीला केलेल्या उपदेशात पती, पत्नी, पुत्र, वित्त ही सारी आत्म्यासाठीच प्रिय होतात, असे प्रतिपादन आहे. गीतेच्या सहाव्या अध्यायात मनुष्याने आपला उद्धार आपणच करावा, स्वतःस खचू देऊ नये, कारण आपला बंधू आपण आणि आपला वैरीही आपणच, असा विचार येतो. त्याच अध्यायात पुढे आहार, विहार, निद्रा व जागरण ह्यांच्या प्रमाणाचा विचार येतो, ही गोष्ट सहसा दुर्लक्षिली जाते. आत्म्याचे बंधुत्व आणि वेळेवर जेवणे व निजणे हे विषय एकाच अध्यायात यावेत, ह्यात एक खोल व्यवहारज्ञान आहे. ज्ञानेश्वरांनी शके १२१२ मध्ये, म्हणजे इ. स. १२९० मध्ये, ह्याच ठिकाणी दोन दृष्टांत दिले. एक कोशकीटकाचा : तो आपल्याच भोवती घर विणतो आणि त्यातच कोंडला जातो. दुसरा नळीवरच्या राघूचा : पोपट टांगलेल्या नळीवर बसतो, त्याच्याच भाराने नळी फिरते, तो उलटा होतो आणि भीतीने नळी अधिकच घट्ट धरतो. त्याचे पंख मोकळे असतात. बांधलेले काहीच नसते. तरी तो स्वतःला बद्ध समजतो.

आत्मवैराचे ह्याहून नेमके चित्र दुसऱ्या वाङ्मयात सहसा आढळणार नाही. एरिक फ्रॉमने ‘द आर्ट ऑफ लव्हिंग’ (१९५६) ह्या ग्रंथात स्वार्थ आणि आत्मप्रीती परस्परविरोधी आहेत, स्वार्थी मनुष्य वस्तुतः स्वतःवर प्रेमच करू शकत नाही, असे मांडले, तेव्हा पाश्चात्त्य वाचकाला तो विचार नवा वाटला असेल. ज्ञानेश्वरीच्या वाचकाला तो अनोळखी वाटू नये. प्रश्न इतकाच, की आधुनिक कादंबरीने ह्या विचाराचे काय केले? ह्या प्रश्नाचे एक उत्तर शंकर ह्यांच्या ‘चौरंगी’ ह्या बंगाली कादंबरीत सापडते; आणि ते उत्तर जितके मोलाचे, तितकेच सदोषही आहे.

२

मणिशंकर मुखोपाध्याय ऊर्फ शंकर ह्यांचा जन्म १९३३ सालचा. वडिलांचा मृत्यू लहान वयात झाल्यामुळे हावड्यात वाढलेल्या ह्या मुलाला टंकयंत्रे पुसण्यापासून फेरीवाल्याच्या धंद्यापर्यंत मिळेल ते काम करावे लागले. पुढे कलकत्ता उच्च न्यायालयातील अखेरचे इंग्रज बॅरिस्टर नोएल बारवेल ह्यांच्याकडे तो कारकून झाला. बारवेलसाहेबांच्या स्मरणातून ‘कत अजानारे’ (१९५५) हे त्यांचे पहिले पुस्तक निघाले आणि १९६२ साली ‘चौरंगी’ प्रसिद्ध झाली. १९६८ मध्ये पिनाकीभूषण मुखर्जी ह्यांनी तिच्यावर चित्रपट काढला, त्यात उत्तमकुमार ह्यांनी साटा बोसची भूमिका केली. अरुणाव सिन्हा ह्यांचे इंग्रजी भाषांतर २००७ साली, म्हणजे मूळ पुस्तकानंतर पंचेचाळीस वर्षांनी, आले. लेखकाला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला तो २०२० सालासाठी, ‘एका एका एकाशी’ ह्या आत्मकथनपर पुस्तकाबद्दल. लोकप्रियता आधी आणि मान्यता फार उशिरा, असा हा क्रम आहे. ह्या विलंबाचे कारण पुढील विवेचनात ओघाने येईलच.

कादंबरीचा आरंभ एस्प्लनेडवर होतो. प्लासीनंतर इंग्रजांनी नवा फोर्ट विल्यम बांधावयास घेतला, तेव्हा किल्ल्याभोवतीचे रान तोडून मैदान मोकळे राखले गेले. त्या मैदानाच्या उत्तरेकडील भाग म्हणजे एस्प्लनेड. मुंबईच्या कोटाबाहेरील मोकळ्या पट्ट्यालाही एके काळी हेच नाव होते, ह्यावरून ह्या शब्दामागील लष्करी हेतू ध्यानात येईल. तोफेला समोरचे स्पष्ट दिसावे म्हणून रिकामी ठेवलेली ही जागा पुढे शहराचे नाक झाली. १९०२ साली विजेवर धावणारी कलकत्त्याची पहिली ट्राम एस्प्लनेडहून खिदिरपूरकडे सुटली. १९८४ साली देशातील पहिली भुयारी रेल्वे येथूनच भवानीपूरला गेली, आणि २०२४ पासून हावड्याहून नदीखालून येणारी गाडीही येथेच येऊन पोहोचते. १८२८ साली उभारलेला ऑक्टरलोनीचा मनोरा १९६९ मध्ये शहीद मिनार झाला. कर्झन पार्कलाही पुढे सुरेंद्रनाथांचे नाव मिळाले. ज्या चौकात लक्षावधी माणसे रोज गाडी बदलतात, तेथे कोणीही कोणाचा नसतो. अशा ठिकाणी बसलेला एकटा मनुष्य दिसत असूनही कोणाच्या दृष्टीस पडत नाही.

‘चौरंगी’चा निवेदक असाच एक मनुष्य आहे. त्याचेही नाव शंकरच आहे. बॅरिस्टरसाहेब वारले, नोकरी गेली. आता तो कार्यालया-कार्यालयांतून केराच्या टोपल्या विकत हिंडतो. दिवसभर चालून पाय थकले, की कर्झन पार्कात सर हरिराम गोएंका ह्यांच्या पुतळ्याजवळ येऊन बसतो. इंग्रज ह्या भागाला एस्प्लनेड म्हणतात आणि आपण चौरंगी म्हणतो, ही निवेदकाची पहिलीच नोंद अर्थपूर्ण आहे. एकाच जागेला दोन नावे : एक सत्तेने दिलेले, दुसरे राहणाऱ्यांनी दिलेले. शंकरपुढचा पेचही ह्याच जातीचा आहे. जगाने त्याला ‘बेकार’ हे नाव दिले आहे. त्याचे स्वतःने दिलेले नाव अद्याप त्याला सापडावयाचे आहे.

येथे त्याला बायरन नावाचा एक खाजगी गुप्तहेर भेटतो आणि आपल्या ओळखीने शाहजहान हॉटेलात चिकटवून देतो. व्यवस्थापक मार्को पोलो ह्याची टंकलेखिका रोझी अकस्मात निघून गेलेली असते; तिच्या जागी शंकरची वर्णी लागते. राहावयास त्याला हॉटेलच्या गच्चीवरील खोली मिळते. तेथून पुढे चारशेहून अधिक पृष्ठे ह्या काल्पनिक हॉटेलातील माणसे येत-जात राहतात.

३

हॉटेल हे कादंबरीचे स्थळ म्हणून अनेकांनी वापरले आहे. त्यामुळे निरनिराळी पात्रे सहज एकत्र आणता येतात, हा त्याचा उघड फायदा. ‘चौरंगी’वर होणारा मुख्य आक्षेपही हाच : ती कादंबरी नसून आख्यानांची माळ आहे, एक पाहुणा आला, त्याची करुण कथा झाली, तो गेला, दुसरा आला. हा आक्षेप रचनेपुरता खरा आहे. परंतु ह्या सैल माळेत एक धागा आहे, आणि तो हॉटेल ह्या संस्थेच्या स्वरूपातूनच निघालेला आहे.

हॉटेल म्हणजे काळजीचा बाजार. घरात जी काळजी मायेपोटी घेतली जाते, ती येथे दर ठरवून विकली जाते. पाहुण्याची उशी किती मऊ असावी, चहा किती वाजता हवा, त्याचे रहस्य कोणापासून लपवावे, हे सारे कोणीतरी मनापासून पाहावयाचे असते. निदान मनापासून पाहिल्यासारखे दिसावयाचे असते. खाली सजविलेल्या खोल्या आणि वर गच्चीवर कामगारांच्या खोल्या, ही शाहजहानची रचना शंकर ह्यांनी केवळ वास्तवदर्शनासाठी योजिलेली नाही. दिवसभर परक्यांची काळजी वाहून ही माणसे रात्री उघड्या आकाशाखाली येतात, तेव्हा त्यांच्याजवळ स्वतःसाठी काय उरलेले असते? हाच कादंबरीचा खरा विषय आहे. पाहुण्यांच्या गोष्टी ह्या प्रश्नाची निमित्ते होत.

शंकरला ह्या प्रश्नाचा पहिला पाठ मिळतो तो सत्यसुंदर बोस ह्याच्याकडून. साहेबलोकांनी त्याच्या सुंदर नावाचा ‘साटा बोस’ असा चुरा केला आहे आणि तो तेच नाव हसत वागवितो. स्वागतकक्षातील हा उमदा, हजरजबाबी तरुण शंकरला धाकट्या भावासारखा सांभाळतो. हॉटेलचे रीतिरिवाज शिकवितो. कोणाचा अपमान किती मनावर घ्यावा आणि कोणाचा मुळीच घेऊ नये, हे दाखवून देतो. कर्झन पार्कातील बेकार मुलगा जो ताठ उभा राहू लागतो, तो पगारामुळे थोडा आणि बोसच्या ह्या ममतेमुळे पुष्कळ.

कादंबरीतील अंतर्दृष्टीचे मर्म येथे आहे. स्वतःवर माया करावयास कोणीही एकट्याने शिकत नाही. ती माया प्रथम दुसऱ्याच्या हातून मिळते आणि मग मनुष्य तिचे अनुकरण स्वतःवर करतो. मराठी वाचकाला ह्याचे उदाहरण दूर शोधावे लागणार नाही. साने गुरुजींच्या ‘श्यामची आई’ (१९३५) मध्ये स्नानानंतर पाय मळू नयेत म्हणून हट्ट करणाऱ्या श्यामसाठी आई आपला पदर पसरते, आणि पायांना जपतोस तसे मनालाही जप, ह्या आशयाचे सांगते. तेथे पदर आधी येतो, उपदेश मागाहून. आईने पाय जपले नसते, तर मन जपण्याचा उपदेश पोकळ ठरला असता. बोसचा स्नेह हा शंकरच्या वाट्याला आलेला असा पदर आहे. पुरुषाने पुरुषाला, नोकराने नोकराला दिलेला, म्हणून आपल्या कादंबऱ्यांत विरळा.

४

परंतु शिकविणाऱ्यालाच ही विद्या स्वतःपुरती साधलेली नसते, हे दाखविण्यात शंकर ह्यांची खरी शक्ती आहे. शाहजहानमध्ये आत्मवैराचे निरनिराळे प्रकार एकाच छपराखाली नांदतात.

नित्यहरी हा चादरी-उशांच्या कोठाराचा रखवालदार. ह्या उशांवर कोणकोणती पापे निजून गेली, ह्या विचाराने त्याला किळस येते, आणि तो आपले हात पुन्हा पुन्हा धुतो. वरवर पाहता हे विनोदी पात्र आहे आणि चित्रपटात ते विनोदी नटाकडेच गेले. पण कादंबरीत त्याचा विनोद हळूहळू अंगावर येतो. हात धुणे ही आत्मरक्षणाची अगदी प्राथमिक क्रिया. नित्यहरीच्या बाबतीत तीच क्रिया शिक्षा होऊन बसली आहे. ज्या कामावर पोट आहे, त्या कामाविषयी घृणा. आणि घृणा कामावर संपत नाही, म्हणून ती हातांवर उतरते. स्वच्छतेला जेव्हा क्षमेची जोड नसते, तेव्हा तिचे काय होते, हे ह्या एका पात्रात पाहावे.

याच्या उलट टोकाला मिसेस पाकडाशी आहेत. दिवसा समाजसेवा, प्रतिष्ठा, वृत्तपत्रांतून नाव. रात्री हॉटेलातील चोरटी भेट. स्वतःसाठी काहीतरी हवे, ही त्यांची भूक खोटी नाही. पण ती उजेडात मान्य करण्याचे धैर्य नसल्यामुळे तिची किंमत दुसऱ्यांनी भरावी, अशी व्यवस्था त्या करतात. फ्रॉमने सांगितलेला स्वार्थ आणि आत्मप्रीती ह्यांतील विरोध येथे मूर्त झाला आहे : ह्या बाईंना स्वतःविषयी यत्किंचितही आदर नाही, आणि म्हणूनच त्या इतक्या निष्ठुर होऊ शकतात.

कॅबरेत नाचणारी कॉनी आणि तिच्याबरोबर विदूषकी करणारा खुजा लॅम्ब्रेटा ह्यांचे आख्यान ह्या दृष्टीने सर्वांत समतोल आहे. प्रेक्षक लॅम्ब्रेटाच्या ठेंगणेपणाला हसतात, मद्यपी लोक कॉनीकडे हात पसरतात; आणि ही दोघे बहीणभाऊ आहेत, हे वाचकाला पुष्कळ उशिरा कळते. ह्या उलगड्यामुळे आधीचे सारे प्रसंग निराळ्या प्रकाशात दिसू लागतात. भावाच्या देहाची जगाने केलेली थट्टा पोटासाठी सोसावयाची, आणि रंगमंचाबाहेर त्याच देहाला आईच्या काळजीने सांभाळावयाचे, अशी कॉनीची दुहेरी नोकरी आहे. येथे शंकर ह्यांनी एकही अश्रू वाचकाकडून जबरदस्तीने काढलेला नाही.

बोसची स्वतःची कथा अखेरीस येते. हवाई कंपनीत काम करणारी सुजाता मित्र त्याच्या आयुष्यात येते आणि सतत दुसऱ्यांच्या प्रवासाची व्यवस्था लावणारा हा मनुष्य प्रथमच स्वतःच्या सुखाची व्यवस्था लावू पाहतो. सुजाता अपघातात मरण पावते. बोस शाहजहान सोडून दूर देशी निघून जातो. त्याची सारी सभ्यता, सारा विनोद, सारे औदार्य दुसऱ्यांसाठी होते. स्वतःच्या दुःखाच्या वेळी उपयोगी पडेल असे त्यातले काहीच त्याने राखून ठेवले नव्हते. ज्याने शंकरला उभे राहावयास शिकविले, त्याला बसावयास जागा उरली नाही.

५

ह्या साऱ्यांत करबी गुह हिचे प्रकरण वेगळे काढून पाहिले पाहिजे, कारण ‘चौरंगी’ची थोरवी आणि तिचा दोष दोन्ही तेथे एकवटले आहेत. अगरवाला ह्या उद्योगपतीने दोन नंबरचा सूट कायमचा घेतला आहे आणि त्याच्या पाहुण्यांचे मनोरंजन करणे हे करबीचे काम. ती सुसंस्कृत आहे, एकाकी आहे, आणि ह्या नोकरीत स्वतःचे जे काही शिल्लक ठेवता येईल ते तिने जिवापाड जपले आहे. मिसेस पाकडाशींचा मुलगा अनिंद्य तिच्यावर प्रेम करू लागतो, लग्नाची इच्छा धरतो. आई आड येते. मिसेस पाकडाशींचे रहस्य करबीला ठाऊक आहे. ते शस्त्र तिने उगारले असते, तर लग्न झालेही असते. करबी ते शस्त्र खाली ठेवते आणि स्वतःचा जीव देते.

शस्त्र न उगारणे हा करबीचा आत्मस्नेह आहे. धमकीने मिळविलेले घर आपले होणार नाही, हे तिला कळते. म्हणजे स्वतःची किंमत तिला ठाऊक आहे. येथपर्यंत शंकर ह्यांची लेखणी निर्दोष चालते. परंतु त्यापुढचे पाऊल, तिचा आत्मनाश, हे त्याच किमतीचे शिखर म्हणून रंगविले जाते, आणि येथे टीकाकाराने थांबावयास हवे. ज्या स्त्रीने इतकी वर्षे इतक्या प्रतिकूल जागी स्वतःला राखले, तिला मरणावाचून दुसरी वाट दिसत नाही, हे वास्तव असू शकते. तशा वाटा समाजाने खरोखरच बंद केलेल्या असतात. पण वाट बंद असणे ही एक गोष्ट आणि बंद वाटेवर फुले वाहणे ही दुसरी. कादंबरी करबीच्या मरणाला जे कारुण्यमय सौंदर्य बहाल करते, त्याने वाचकाचे डोळे भरून येतात आणि ज्याला प्रश्न विचारावयाचा, तो अगरवाला बाजूला राहतो. दोन नंबरचा सूट कायम राहतो. हॉटेलची मालकीही पुढे त्याच्याच हाती जाते.

भारतीय कादंबरीत ही चूक एकट्या शंकर ह्यांची नव्हे. शरच्चंद्रांपासून खांडेकरांपर्यंत स्त्रीची उंची तिने स्वतःला किती पुसून टाकले ह्यावरून मोजण्याची सवय आपल्या लेखकांना आणि वाचकांना जडलेली आहे. ह्या सवयीचा परिणाम वाङ्मयापुरता राहत नाही. जी मुलगी अशा कादंबऱ्या उशाशी घेऊन वाढते, तिला स्वतःची काळजी घेताना आपण काहीतरी हलके करीत आहोत, असे वाटू लागते. वाङ्मयाने आत्मनाशाचे चित्रण करावे. त्याचा गौरव करताना मात्र शंभर वेळा विचार करावा. ‘चौरंगी’ला मान्यता उशिरा मिळाली, त्याचे श्रेय बहुधा तिच्या लोकप्रियतेला दिले जाते. खरे कारण ह्या भावविवशतेत असावे. समंजस वाचकाला जे खटकले, ते लोकप्रियता नव्हती. अश्रूंच्या आड दडलेली ही सोईस्कर तडजोड होती.

६

आता निवेदकाकडे वळावयाचे. शंकर हा विलक्षण फिकट निवेदक आहे. तो ऐकतो, पाहतो, हळहळतो. स्वतःला काय हवे, हे तो जवळजवळ कधीच सांगत नाही. हा दोष मानावा, की अर्थ?

‘चौरंगी’नंतर एकाच वर्षाने, १९६३ साली, भालचंद्र नेमाडे ह्यांची ‘कोसला’ प्रसिद्ध झाली. दोन्हींत तरुण निवेदक प्रथमपुरुषात बोलतो, दोघेही शहराच्या आवर्तात सापडलेले, दोघांनाही अपयश येते. पण पांडुरंग सांगवीकर सतत स्वतःविषयीच बोलतो, आणि बोलता बोलता स्वतःची अशी काही टर उडवितो की माया करावयास जागाच राहू नये. वसतिगृहात तो दुसऱ्यांसाठी पैसा आणि वेळ उधळतो, कारण स्वतःचे मूल्य त्याला त्या उधळण्यातूनच जाणवते. धाकट्या बहिणीच्या मृत्यूच्या वेळी मात्र ती टर थांबते, आणि त्या काही पानांत, दुसऱ्याबद्दलच्या दुःखातून, तो प्रथमच स्वतःजवळ येतो. ‘कोसला’ ह्या शब्दाचा अर्थच कोश. ज्ञानेश्वरांचा तो कीटक सातशे वर्षांनी पुण्याच्या वसतिगृहात सापडावा, ह्यात योगायोगापेक्षा अधिक काही आहे.

पांडुरंग कोशकीटक असेल, तर शंकर नळीवरचा राघू आहे. त्याला शाहजहानने धरलेले नाही. त्याने शाहजहानला धरले आहे. नोकरी, गणवेश, बोसची माया, गच्चीवरील खोली ह्या साऱ्यांनी मिळून त्याला जे आपलेपण दिले, ते त्या नळीशीच जोडलेले आहे. म्हणून बोस गेला, मार्को पोलो गेला, मालक बदलला आणि नोकरी सुटली, तेव्हा तो पुन्हा त्याच रस्त्यावर उभा राहतो. हॉटेलचे दिवे दुरून पाहतो. वर्तुळ पूर्ण झाले, असे म्हणून पुष्कळ वाचक पुस्तक मिटतात.

येथे एक आक्षेप विचारात घेतला पाहिजे. बेकार माणसाला आत्मस्नेहाचा उपदेश करणे ही क्रूर थट्टा नव्हे काय? राघूचे पंख मोकळे असतात. शंकरचे कोठे आहेत? त्याची नोकरी त्याच्या भ्रमामुळे गेलेली नाही, मालकाच्या लहरीमुळे गेली आहे. हा आक्षेप योग्य आहे आणि दृष्टांताची मर्यादा तो दाखवून देतो. ज्ञानेश्वरांचा राघू अध्यात्मातला आहे. एस्प्लनेडवरच्या माणसाला पंखांआधी दाणा हवा. आत्मस्नेह हा भाकरीचा पर्याय म्हणून कोणी पुढे केला, तर ती लबाडी होय. बोसने शंकरला आधी नोकरीत टिकावयास मदत केली आणि मग ताठ मानेने उभे राहावयास शिकविले, हा क्रम लेखकाने चुकविलेला नाही.

परंतु कादंबरीच्या अखेरीचा शंकर हा आरंभीचा शंकर नाही. आरंभी त्याच्याजवळ विकावयाच्या टोपल्या होत्या आणि सांगण्यासारखे काही नव्हते. अखेरीस टोपल्याही नाहीत, पण नित्यहरी आहे, कॉनी आहे, करबी आहे, बोस आहे. ज्यांची कोणी दखल घेतली नाही, त्यांची दखल घेणारे दोन डोळे त्याला लाभले आहेत. आणि ज्याने इतक्या माणसांकडे मायेने पाहिले, तो त्यांतल्याच एकाकडे, म्हणजे रस्त्यावर उभ्या असलेल्या बेकार तरुणाकडेही, निराळ्या दृष्टीने पाहू शकतो. ही संपूर्ण कादंबरी त्याच तरुणाने सांगितली आहे, ही गोष्ट विसरता कामा नये. ‘मी पाहिले, म्हणून मी सांगतो,’ असे म्हणण्याइतका आत्मविश्वास ज्याला आला, त्याने स्वतःला केराच्या टोपलीत टाकलेले नाही. निवेदकाचा फिकटपणा हा रचनेचा दोष आहेच. पण त्या फिकटपणातून उमटलेला स्वर फिकट नाही.

‘चौरंगी’ ही पहिल्या प्रतीची कलाकृती ठरत नाही. तिच्यात योगायोग फार आहेत, आख्याने एकाच ठशाची होतात, आणि करबीच्या प्रकरणात तिने सोपी वाट धरली आहे. तरीही भोग आणि त्याग ह्यांच्या चाकोरीत अडकलेल्या मराठी वाचकाला ती एक निराळा प्रश्न विचारावयास लावते : दुसऱ्याच्या उशाची घडी नीट लावणाऱ्या माणसाने रात्री स्वतःचे अंथरूण कसे घालावे? मराठीत परिचारिका आहेत, खानावळीतले स्वयंपाकी आहेत, शाळामास्तर आहेत, घरोघरच्या मोलकरणी आहेत. त्यांच्या त्यागावर पुष्कळ लिहिले गेले आहे. दिवस संपल्यावर ती माणसे स्वतःशी कशी वागतात, ह्यावर फार थोडे लिहिले गेले आहे. ती कादंबरी अद्याप लिहावयाची आहे, आणि ती लिहिणाऱ्याने करबीला जगविले पाहिजे.